न पाहिलेले काढू नये : पोलीस चित्रकारांच्या प्रशिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

साक्षीदाराच्या आठवणीवरून संशयिताचे रेखाचित्र काढणाऱ्या पोलीस चित्रकाराला नेमके काय आणि कसे शिकवावे, हा गेल्या अंकातील टिपणाचा विषय होता. त्यावर कलाशिक्षक, पोलीस प्रशिक्षक, मानसशास्त्राचे विद्यार्थी आणि वकील अशा निरनिराळ्या वाचकांनी प्रश्न पाठवले. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी चित्रकला शिकवते. माझे काही विद्यार्थी समोर बसलेल्या माणसाचे हुबेहूब व्यक्तिचित्र काढतात. अशा विद्यार्थ्याला पोलीस चित्रकार व्हायचे असेल तर आणखी काय शिकावे लागेल?

उत्तर : हुबेहूब व्यक्तिचित्र काढता येणे ही या कामाची पूर्वतयारी आहे, परंतु त्याच कौशल्यातून काही सवयी हाताला लागलेल्या असतात आणि त्या आधी मोडाव्या लागतात. व्यक्तिचित्र काढणाऱ्याची नजर क्षणोक्षणी समोरच्या चेहऱ्याकडे जाते आणि हाताची चूक तिथल्या तिथे सुधारते. पोलीस चित्रकाराच्या समोर तो चेहरा कधीच नसतो. त्याच्या समोर असतो तो चेहरा काही क्षण, बहुधा भीतीच्या आणि गोंधळाच्या अवस्थेत, पाहिलेला दुसरा माणूस. त्या माणसाच्या आठवणीत काही भाग स्पष्ट असतो, काही पुसट असतो आणि काही भाग मुळात नसतोच.

निष्णात चित्रकाराला रिकामी जागा सहन होत नाही. साक्षीदाराने कानांविषयी एक शब्दही काढलेला नसला तरी सरावलेला हात दोन्ही बाजूंना व्यवस्थित कान काढून मोकळा होतो, ओठांच्या कडेला हलकी सावली देतो, भुवयांना डौल देतो. चित्र देखणे होते, पण पाहणाऱ्याला त्यातला कोणता भाग आठवणीतून आला आणि कोणता चित्रकाराच्या हातातून आला हे कळण्याचा मार्ग उरत नाही. एखाद्याने आपल्या शेजाऱ्याचे कान तसे नाहीत म्हणून पोलिसांना कळवण्याचा विचार सोडून दिला, तर त्या न सांगितलेल्या कानांनी तपासाची वाट बंद केली असे होते. म्हणून प्रशिक्षणात मी सर्वांत अधिक भर एकाच गोष्टीवर देतो : साक्षीदाराने जे पाहिले नाही ते काढायचे नाही, आणि काढावेच लागले तर ते इतके फिके आणि इतके सर्वसाधारण ठेवायचे की पाहणाऱ्याची नजर त्यावर थांबणार नाही.

यासाठी चेहऱ्याची प्रमाणे पक्की हवीत. प्रौढ माणसाच्या डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येते, दोन डोळ्यांमधील अंतर एका डोळ्याच्या रुंदीइतके असते, नाकाचा तळ भुवया आणि हनुवटी यांच्या जवळपास मध्यावर येतो आणि ओठ मिटल्यावर दिसणारी रेषा नाकाच्या तळापासून हनुवटीपर्यंतच्या अंतराच्या सुमारे एकतृतीयांशावर असते. ही प्रमाणे चित्र सुबक करण्यासाठी शिकायची नाहीत, तर साक्षीदार जेव्हा “डोळे जवळजवळ होते” म्हणतो तेव्हा ते कशापासून जवळ, हे मोजता यावे म्हणून शिकायची.

त्याबरोबर वर्णनाचे शब्द जमवावे लागतात. पॅरिसच्या पोलीस खात्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्फाँस बेर्तियों यांनी नाक, कपाळ, कान, हनुवटी यांचे ठरावीक शब्दांत वर्णन करण्याची पद्धत बसवली आणि पोलिसांना ती शिकवली. आज त्यांची सगळी मोजमापे कुणी वापरत नाही. तरी कपाळ मागे झुकलेले की सरळ, नाकाचा दांडा सरळ की मध्येच उंचावलेला, कानाची पाळी सुटी की गालाला चिकटलेली, असे वेगळेपण नजरेला दिसावे म्हणून ती शिस्त अजूनही उपयोगी पडते. आपल्या विद्यार्थ्यांना एक अभ्यास द्या. एकाने छायाचित्र पाहायचे, दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून केवळ त्याच्या बोलण्यावरून चित्र काढायचे. काही वेळातच त्यांच्या लक्षात येईल की अडचण हाताची नसून, “नाक मध्यम होते” या वाक्याचे काय करायचे ही आहे.

प्रश्न : आमच्या प्रशिक्षण केंद्रात चित्रकलेची आवड असलेल्या काही शिपायांना हे काम शिकवण्याचा विचार आहे. अभ्यासक्रमाचा क्रम कसा ठेवावा, आणि शिकणाऱ्याची प्रगती कशी तपासावी?

उत्तर : दोन ते तीन आठवड्यांच्या वर्गात पाया घालता येतो, त्यानंतर अनुभवी चित्रकाराच्या देखरेखीखाली बराच काळ काम करावे लागते. अमेरिकेत एफबीआयच्या क्वांटिको येथील अकादमीने पोलीस चित्रकारांसाठी असे वर्ग चालवले आहेत, आणि १९१५ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल असोसिएशन फॉर आयडेंटिफिकेशन ही संस्था चित्रकारांना प्रमाणपत्र देताना वर्गातील शिक्षणाबरोबर प्रत्यक्ष प्रकरणांतील अनुभव आणि कामाचे नमुनेही तपासते. यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे, कारण वर्गात उत्तम ठरलेला चित्रकार घाबरलेल्या साक्षीदारासमोर पहिल्यांदा बसतो तेव्हा त्याची घाई उघडी पडते.

क्रम असा असावा. सुरुवातीला कवटी, जबडा, चेहऱ्याचे स्नायू आणि वयानुसार होणारे बदल. त्यापाठोपाठ छायाचित्रांवरून झपाट्याने रेखाटन, तेही केवळ समोरून दिसणाऱ्या चेहऱ्यांचे नव्हे, तर सर्व वयांचे आणि सर्व वंशांचे. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण आपल्या ओळखीच्या समूहाबाहेरचे चेहरे माणसाला वेगळे काढून लक्षात ठेवणे अवघड जाते, हे मानसशास्त्रात अनेक वेळा दिसून आलेले आहे, आणि ही मर्यादा साक्षीदाराप्रमाणे चित्रकारालाही असते. ज्याच्या वहीत एकाच प्रकारचे चेहरे आहेत त्याच्या हातून प्रत्येक अनोळखी माणूस त्याच साच्यात उतरतो.

त्यानंतर मुलाखतीचे शिक्षण, आणि एकूण वेळेचा निम्म्याहून अधिक भाग त्यालाच द्यावा असे माझे मत आहे. शेवटी दोन्हींचा मेळ घालणारी पूर्ण सत्रे.

प्रगती तपासण्याच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी गफलत होते. चित्र काढून झाले की मूळ छायाचित्र बाजूला ठेवायचे आणि सर्वांनी “छान जमले” म्हणायचे, ही परीक्षा जवळजवळ निरुपयोगी आहे. मूळ चेहरा शेजारी ठेवला की कुठल्याही चित्रात साम्य दिसू लागते. प्रत्यक्षात ते चित्र पाहणाऱ्यासमोर मूळ चेहरा नसतो; त्याला चित्रावरून आपल्या ओळखीच्या माणसाची आठवण व्हायची असते. म्हणून परीक्षाही तशीच घ्यावी. ज्याने छायाचित्रातल्या माणसाला पूर्वी कधीही पाहिलेले नाही अशा एकाला साक्षीदार करावे आणि त्याला तो चेहरा मिनिटभर दाखवावा. मध्ये दोन दिवस जाऊ द्यावेत. मग शिकाऊ चित्रकाराने त्याची मुलाखत घेऊन चित्र काढावे. ते चित्र त्या माणसाला रोज भेटणाऱ्यांपुढे, कोणतीही सूचना न देता ठेवावे आणि केवळ “हे कोण?” एवढेच विचारावे.

अशा कडक कसोटीवर ओळख पटण्याचे प्रमाण फार कमी येते, हे शिकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. मानसशास्त्रज्ञ चार्ली फ्राउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन दिवसांच्या अंतराने निरनिराळ्या पद्धतींनी चेहरे तयार करून घेतले होते. त्यांतील फारच थोडे ओळखले गेले, आणि त्यांतल्या त्यात हाताने काढलेली रेखाचित्रे पुढे राहिली. पण आपले चित्र ओळखले गेले नाही हे स्वतः पाहिलेला चित्रकार पुढच्या वेळी साक्षीदाराचे बोलणे अधिक नीट ऐकतो, असा माझा अनुभव आहे. कौतुकावर वाढलेला चित्रकार तसे ऐकत नाही.

प्रश्न : मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. चेहऱ्याचे शब्दांत वर्णन केल्याने तो चेहरा ओळखण्याची क्षमता कमी होते, असे वाचले. मग वर्णन करवून घेऊन चित्र काढण्याची ही पद्धतच मुळात चुकीची नाही का?

उत्तर : आपण ज्याविषयी वाचलेत तो परिणाम जोनाथन स्कूलर आणि टॉन्या एंग्स्लर-स्कूलर यांनी १९९० मध्ये मांडला, आणि पुढे अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या फेरतपासणीतही तो आढळला. चेहरा माणूस अवयवांची यादी म्हणून लक्षात ठेवत नाही, एकसंध लक्षात ठेवतो. अँड्र्यू यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एका माणसाच्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग दुसऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला नीट जुळवून दाखवला, तेव्हा पाहणाऱ्यांना एक तिसराच चेहरा दिसू लागला आणि वरचा भाग कोणाचा हे सांगणे अवघड झाले. दोन भाग थोडे सरकवताच ते सोपे झाले. म्हणजे जबडा बदलला की डोळ्यांना हात न लावताही डोळे बदलल्यासारखे वाटतात. अशा आठवणीला “नाक कसे, ओठ कसे” म्हणून तोडून विचारणे हे तिच्या स्वभावाविरुद्ध आहे, ही आपली शंका रास्त आहे.

परंतु यावरून पद्धत टाकून न देता तिची रचना बदलावी लागते. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइसेलमन यांनी १९८४ पासून विकसित केलेली संज्ञानात्मक मुलाखत याच गरजेतून पोलीस चित्रकारांच्या शिक्षणात आली. तिच्यात साक्षीदाराला आधी त्या प्रसंगात मनाने परत जायला सांगतात : उजेड कसा होता, तो कुठे उभा होता, कोणते आवाज येत होते, त्याला काय वाटत होते. मग त्याला जे आठवेल ते, ज्या क्रमाने आठवेल त्या क्रमाने, न थांबवता बोलू देतात. ते संपेपर्यंत चित्रकाराने पेन्सिल उचलू नये. त्यानंतर फ्राउड यांच्या गटाने सुचवलेली एक पायरी मला फार उपयोगाची वाटते : साक्षीदाराने तो चेहरा मनात आणून तो किती हुशार वाटला, किती आक्रमक वाटला, किती मनमिळाऊ वाटला, असे समग्र चेहऱ्याविषयीचे अंदाज सांगायचे. या प्रश्नांची उत्तरे चित्रात उतरत नाहीत, पण मन पुन्हा अवयवांकडून संपूर्ण चेहऱ्याकडे वळते आणि पुढचे चित्र सुधारते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले.

प्रश्न कसा विचारावा हे उदाहरणाने सांगतो. शिकाऊ चित्रकार विचारतो, “नाक मोठे होते का?” साक्षीदार म्हणतो, “हो, मोठेच म्हणायचे.” येथे ‘मोठे’ हा शब्द चित्रकाराचा आहे, आणि एकदा दिलेला शब्द साक्षीदाराच्या तोंडून परत आला की तो त्याचाच वाटू लागतो. अनुभवी चित्रकार म्हणेल, “नाकाविषयी काही आठवत असेल तर सांगा, नसेल तर तसेही चालेल.” साक्षीदार थोडा वेळ गप्प राहतो आणि मग म्हणतो, “नाकाचे नाही आठवत. पण वरचा ओठ जवळजवळ दिसतच नव्हता.” ही माहिती मागून मिळणारी नव्हती. त्या शांततेत चित्रकाराने काही विचारले असते तर ती वर आलीच नसती. त्यामुळे गप्प राहण्याचाही सराव करवून घ्यावा लागतो; कित्येक शिकाऊ चित्रकारांना तोच सर्वांत कठीण जातो.

कच्चे चित्र दाखवतानाही “बरोबर आहे का?” असे विचारू नये, कारण नम्र माणूस हो म्हणतो. “यात काय खटकते?” असे विचारावे. सत्र दोन-तीन तास चालू शकते, आणि शेवटच्या टप्प्यात साक्षीदार प्रत्येक बदलाला “हो, ठीक आहे” म्हणू लागला तर ती सहमती नसून थकवा असतो. तेथे थांबणेच योग्य.

संदर्भासाठी अवयवांची छायाचित्रे दाखवावीत का, यावर चित्रकारांत मतभेद आहेत. एफबीआयने अशी चित्रसूची तयार केली आणि अनेक चित्रकार ती वापरतात. काही नामवंत चित्रकार ती कटाक्षाने टाळतात, कारण पाहिलेला प्रत्येक नवा चेहरा मूळ आठवणीत मिसळण्याचा धोका असतो. मुक्त कथन पूर्ण झाल्यावर, शब्द न सापडणाऱ्या साक्षीदारालाच आणि नेमक्या त्याच अवयवापुरती ती दाखवावी, असे मी शिकवतो.

प्रश्न : चित्र किती पूर्ण करावे? छायांकन आवश्यक असते का?

उत्तर : मऊ पेन्सिल, पुन्हा पुन्हा खोडले तरी चालेल असा कागद आणि मळता येणारा मऊ खोडरबर एवढे पुरते. गालफडांची उंची, डोळ्यांची खोली, नाकाच्या दांड्याची रुंदी या गोष्टी नुसत्या रेषेने दिसत नाहीत, म्हणून थोडे छायांकन लागते. त्यापलीकडे जाऊ नये. छायाचित्रासारखे पूर्ण केलेले चित्र पाहणाऱ्याला खात्रीचे वाटते आणि तो त्यात किरकोळ फरकही चालवून घेत नाही, थोडे मोकळे ठेवलेले चित्र पाहताना तो “याच्यासारखा कोण?” असा विचार करतो, आणि आपल्याला तेच हवे असते.

प्रश्न : संशयिताने टोपी, चष्मा किंवा रुमाल वापरला असेल तर त्याखालचा चेहरा चित्रकाराने अंदाजाने काढावा का?

उत्तर : काढू नये. अमेरिकेत टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या ‘युनाबॉम्बर’ला १९८७ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे एका साक्षीदाराने पाहिले होते. चित्रकर्ती जीन बॉयलन यांनी १९९४ मध्ये काढलेले त्याचे चित्र जगभर पोहोचले. त्यात स्वेटशर्टची डोक्यावर ओढलेली टोपी आणि मोठा काळा चष्मा आहे, आणि चष्म्यामागचे डोळे काढलेले नाहीत. साक्षीदाराने ते पाहिलेच नव्हते. हा युनाबॉम्बर म्हणजे टेड काझिन्स्की १९९६ मध्ये पकडला गेला तो या चित्रामुळे नव्हे, तर त्याच्या लेखनाची शैली त्याच्या भावाने ओळखल्यामुळे. तरीही ते चित्र शिकवताना मी दाखवतो, कारण सात वर्षे उलटून गेल्यावर आणि एवढ्या दडपणाखाली काम करतानाही चित्रकर्तीने जे पाहिले गेले नव्हते ते भरून काढले नाही. झाकलेल्या भागाच्या दोन-तीन शक्यता हव्या असतील तर त्या वेगळ्या कागदावर, शक्यता म्हणून स्पष्ट लिहून द्याव्यात.

प्रश्न : आता संगणकावर चेहरा जुळवता येतो. मग माणसाला शिकवण्यात इतका वेळ का घालवावा?

उत्तर : तयार तुकडे जुळवण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. लॉस एंजेलिसचे पोलीस अधिकारी ह्यू मॅकडोनाल्ड यांच्या कल्पनेतून निघालेला ‘आयडेंटी-किट’ १९५९ मध्ये वापरात आला. त्यात पारदर्शक तावांवर काढलेले केस, डोळे, नाक एकावर एक ठेवत असत. ब्रिटनमध्ये १९७० मध्ये जाक पेन्री यांचा ‘फोटोफिट’ आला, तो छायाचित्रांच्या तुकड्यांचा. पुढे हेच काम ‘ई-फिट’सारख्या प्रणालींनी संगणकावर नेले. या सर्वांची अडचण वर सांगितलेलीच होती : चेहरा तुकड्यांनी आठवत नाही. शिवाय पेटीत नसलेले नाक कुणालाही निवडता येत नाही.

त्यानंतरच्या ‘इव्होफिट’सारख्या प्रणाली निराळ्या वाटेने जातात. त्या पडद्यावर अनेक संपूर्ण चेहरे दाखवतात, साक्षीदार त्यांतले जवळचे निवडतो आणि निवडलेल्यांच्या मिश्रणातून पुढची पिढी तयार होते. हा मार्ग आठवणीच्या स्वभावाला धरून आहे आणि संशोधनात त्याचे निकाल चांगले आले आहेत. ज्या खात्याला ही प्रणाली परवडते त्याने ती जरूर वापरावी. मात्र ती चालवणाऱ्यालाही हीच मुलाखत, हाच संयम आणि साक्षीदाराच्या तोंडी शब्द न घालण्याची हीच शिस्त लागते. यंत्र दिले आणि शिक्षण दिले नाही, तर तयार चेहरा अधिक खरा दिसतो आणि म्हणून अधिक दिशाभूल करतो. आणि ज्याच्या भुवईत जुनी चीर आहे किंवा हसताना ज्याचा ओठ एकाच बाजूला वर जातो, त्याच्यासाठी कागद आणि पेन्सिल अजूनही सर्वांत जलद साधन आहे.

प्रश्न : मी वकील आहे. अशा चित्रामुळे निरपराध माणूस अडकण्याची भीती मला वाटते. चित्रकाराच्या प्रशिक्षणात याचा विचार होतो का?

उत्तर : व्हायलाच हवा, आणि या एका विषयासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा असा माझा आग्रह असतो. त्या दिवशी दोन प्रकरणे सविस्तर वाचावीत.

पहिले कर्क ब्लड्सवर्थ यांचे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९८४ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. दोन लहान मुलांच्या वर्णनावरून पोलिसांनी तुकडे जुळवून एक चेहरा तयार केला आणि प्रसिद्ध केला. तो ब्लड्सवर्थ यांच्यासारखा दिसतो, असे एका अज्ञात व्यक्तीने कळवले. खटल्यात पाच साक्षीदारांनी त्यांना मुलीबरोबर किंवा त्या जागेच्या जवळ पाहिल्याचे सांगितले, आणि त्यांना मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली. १९९३ मध्ये डीएनए चाचणीने ते निर्दोष ठरले. २००३ मध्ये त्याच चाचणीने खरा गुन्हेगार सापडला. त्या चित्राने माणूस शोधण्याच्या कामात चूक केली एवढेच झाले नाही. चित्र आणि बातम्या यांतून तो चेहरा सर्वांच्या डोळ्यांपुढे राहिला, आणि नंतरची ओळख खरोखर आठवणीतून आली की पाहिलेल्या चित्रातून, हे वेगळे काढणे अशक्य झाले.

दुसरे प्रकरण १९९५ च्या ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटाचे. ज्या ट्रकमध्ये बॉम्ब होता तो भाड्याने देणाऱ्या दुकानातील माणसांच्या आठवणीवरून दोन चित्रे काढली गेली. पहिले स्फोट घडवणाऱ्या टिमथी मॅक्व्हे याचे होते. ते घेऊन फिरणाऱ्या तपास अधिकाऱ्यांना एका मोटेलच्या चालकाने तो आपल्याकडे उतरला होता असे सांगितले, आणि त्यातून त्याचे नाव हाती लागले. दुसऱ्या चित्रातील माणसाचा देशभर शोध झाला. तो कधीच सापडला नाही, आणि पुढे तपासयंत्रणा या निष्कर्षाला आली की साक्षीदाराला आठवलेला तो चेहरा दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात आलेल्या, या गुन्ह्याशी काहीही संबंध नसलेल्या ग्राहकाचा होता. म्हणजे आठवण खरी होती, चित्रही बहुधा चांगले होते, पण प्रसंग चुकला होता. कितीही शिकलेला चित्रकार कागदावर ही चूक पकडू शकत नाही. त्यामुळे रेखाचित्र हा पुरावा मानू नये, केवळ तपासाची एक दिशा मानावी. आणि चित्राशी साम्य असणे हे एकट्याने अटकेचे कारण होऊ नये. चित्रकाराने हे आपल्या वरिष्ठांना सांगण्याचे धैर्य ठेवावे, हेही शिक्षणातच येते.

चित्र काढून घेतल्याने साक्षीदाराची पुढे ओळख परेडमधील कामगिरी बिघडते का, हा प्रश्नही आपण ओघाने विचारला आहे. गॅरी वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये संगणकावर चेहरा जुळवून घेतलेल्यांत तसा परिणाम नोंदवला होता. नंतरच्या एकत्रित आढाव्यांत तो ठामपणे दिसला नाही. तरीही काळजी म्हणून साक्षीदार अनेक असतील तर सर्वांना चित्राच्या कामात ओढू नये, काहींची आठवण परेडसाठी अबाधित ठेवावी. आणि दोघांची चित्रे काढायचीच असतील तर ती एकत्र बसवून काढू नयेत. प्रत्येकाचे वेगळे काढावे. व्हिकी ब्रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की चार साक्षीदारांनी स्वतंत्रपणे तयार केलेल्या चेहऱ्यांचे संगणकाने मिश्रण केले, तर ते मिश्रण बहुतेक सुट्या चेहऱ्यांपेक्षा मूळ माणसाच्या जवळ जाते, कारण प्रत्येकाच्या चुका निरनिराळ्या असतात.

प्रश्न : कवटीवरून चेहरा घडवणे आणि हरवलेल्या मुलाचा वाढलेल्या वयातील चेहरा काढणे, हेही याच वर्गात शिकवावे का?

उत्तर : ओळख करून द्यावी, पण शिक्षण स्वतंत्र ठेवावे. तेथे साक्षीदाराची आठवण नसते. कवटीच्या कामात निरनिराळ्या बिंदूंवरील मांसल भागाच्या जाडीची मोजमापे आणि मानववंशशास्त्रज्ञाचे मार्गदर्शन लागते. मुलांच्या बाबतीत कवटीची वाढ आणि आईवडिलांची त्या त्या वयातील छायाचित्रे. मोठ्या माणसाच्या बाबतीत त्याच्या सवयींचाही विचार करतात. १९७१ मध्ये आपल्या कुटुंबाचा खून करून नाहीसा झालेल्या जॉन लिस्ट याचा वृद्ध चेहरा शिल्पकार फ्रँक बेंडर यांनी घडवला, आणि १९८९ मध्ये तो दूरचित्रवाणीवर दाखवल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत लिस्ट पकडला गेला.

प्रश्न : अत्याचार झालेल्या व्यक्तीकडून वर्णन घेताना चित्रकाराने कसे वागावे?

उत्तर : खोलीत कोण बसेल, दार उघडे असेल की बंद, आणि केव्हा थांबायचे, हे त्या व्यक्तीने ठरवावे. घटनेचा तपशील चित्रकाराला लागत नाही; त्याला चेहरा लागतो, आणि ही गोष्ट त्याने पहिल्याच वाक्यात सांगितली की समोरच्या व्यक्तीवरचे मोठे ओझे उतरते. कागद तिच्याकडे वळवण्यापूर्वी प्रत्येक वेळी सांगावे की आता मी चित्र दाखवणार आहे. चेहरा जुळू लागतो तेव्हा तो अचानक समोर आल्यासारखा होतो, आणि साक्षीदाराला रडू फुटते किंवा तो एकदम मागे सरकतो. नवख्या चित्रकाराला हे यश वाटते. त्या क्षणी चित्र उलटे करून ठेवावे, पाणी द्यावे आणि पुढे जायचे का हे विचारावे. हे वारंवार ऐकणाऱ्या चित्रकारालाही आधार लागतो, आणि खात्याने त्याची सोय करावी.

प्रश्न : चित्र प्रसिद्ध झाल्यावर चित्रकाराकडे कोणत्या नोंदी राहाव्यात?

उत्तर : सत्राची तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, घटनेपासून गेलेला काळ, खोलीत उपस्थित असलेल्यांची नावे, साक्षीदाराचे मुक्त कथन त्याच्याच शब्दांत, दाखवलेल्या संदर्भचित्रांचे क्रमांक, कच्च्या चित्राची प्रत आणि त्यानंतर साक्षीदाराने सुचवलेला प्रत्येक बदल. शक्य असेल तेथे सत्राचे ध्वनिमुद्रण करावे. साक्षीदाराने जे आठवत नाही असे सांगितले त्याचीही नोंद आवर्जून ठेवावी, म्हणजे चित्रातला कोणता भाग सर्वसाधारण ठेवला आहे हे तपास अधिकाऱ्याला आणि पुढे न्यायालयाला कळते. सत्रापूर्वी चित्रकाराने कोणत्याही संशयिताचे छायाचित्र पाहिलेले नसावे, आणि पाहिले असेल तर ते काम दुसऱ्याकडे द्यावे. मूळ चित्रात नंतर काहीही बदलू नये. संशयित सापडल्यावर त्याचे छायाचित्र चित्राशेजारी ठेवून कोठे जुळले आणि कोठे चुकले हे चित्रकाराने जरूर अभ्यासावे, मात्र तो अभ्यास खटला संपेपर्यंत साक्षीदाराच्या कानावर जाऊ देऊ नये.